शिंपल्यांची गोळी

"हा पेरिमेनोपॉज," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे पाळी जायच्या आधीची काही वर्षं. हा आजार नाही. पण तुमच्या हाडांचं मात्र बघायला हवं."

मला काहीच वाटलं नाही. धुळ्याच्या त्या दवाखान्यात उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन मी भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे बघत बसले होते. देवपूरच्या घरी ओट्यावरून उतरताना तोल गेला, हात टेकला आणि मनगट मोडलं. वय पंचेचाळीस.

वर्षभर पाळी कधी यायचीच नाही, कधी आली की थांबायची नाही. रात्री घामानं पातळ भिजायचं. विचारलं की बायका म्हणायच्या, "वयच आहे ते." मीही तेच म्हणायचे.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातलं प्राणवायू वाहून नेणारं लोहाचं द्रव्य, फार कमी निघालं. एक्स-रेत हाडं विरळ दिसली. त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. बाई म्हणाल्या, "आज मनगटावर निभावलं. उद्या खुबा मोडला तर अंथरूण धराल."

लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. औषधवाल्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, "कॅल्शियमची ही शिंपल्यांपासून बनवतात. एक नंबर माल!" आमच्या ह्यांचा चेहरा उतरला. आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. दुसरी गोळी जळगावहून मागवावी लागेल, असं औषधवाला म्हणाला. ती काही आली नाही.

ह्यांनी ती शिंपल्यांच्या गोळ्यांची बाटली घरी आणून खिडकीत ठेवली. मी तिच्याकडे बघायचे आणि भाजी निवडायला लागायचे. घ्यावी असंही वाटेना, फेकावी असंही वाटेना. सगळं अंगच बधिर झालं होतं, मनासकट. लोहाची तेवढी घेत होते, तीही चहाबरोबर. चहानं ती अंगी लागत नाही, हे पुढच्या खेपेला बोलणी खाल्ल्यावर कळलं. बायांनो, तुम्ही ही चूक करू नका.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला न्हाणीत हाक मारली. चोळीची गाठ सोडून माझ्याकडे पाठ केली. इतक्या वर्षांत ती मी कधी उघडी पाहिली नव्हती. मणके वर आलेले, पाठ कोयत्यासारखी वाकलेली.

"देख मनी पाठ," त्या म्हणाल्या. "बाहेर बसानं बंद व्हयनं, मंग हाई वाकनी. माले कोनी गोळी दिन्ही नही. तू खाय."

"आत्या, पण ती शिंपल्यांची..."

"माले मालूम शे. देव काय म्हनी ते मी देखसू."

मनगट मोडलं तेव्हा मी रडले नव्हते. त्या ओल्या न्हाणीत मात्र हमसून हमसून रडले. आत्या चोळी बांधत उभ्या राहिल्या.

त्या दिवसापासून गोळी सुरू झाली. पाळी पुढे दोन वर्षांनी गेली. हाडं पहिल्यासारखी झाली नाहीत, होणारही नव्हती, पण परत काही मोडलं नाही. डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेतच. तुमच्या घरात अशी गोळी आली तर तीळ-दुधाबरोबर तीही घ्या, आणि आधी डॉक्टरांना विचारा.

आत्यांनी त्या बाटलीला कधी हात लावला नाही. रोज जेवण झालं की लांबूनच विचारायच्या, "खादी का?" मी हो म्हटलं की देवघरापुढे जाऊन बसायच्या. एकदा मी दाराशी होते, म्हणून त्या देवाला काय सांगतात ते ऐकू आलं.

"तिले काही म्हनू नको. गोळी खावाले मीच सांगेल शे."