बुलबुलाच्या चोचीएवढं जंगल

वहिनीचा फोन आला तेव्हा मी भोपाळच्या बिट्टन मार्केटच्या आठवडी हाटात दोडक्यांवरून भाजीवालीशी हुज्जत घालत होते. "वन्सं, हे गेले..." एवढंच ती बोलली. दोडके तिथेच टाकून मी रिक्षात बसले. खोटं कशाला सांगू, आधी रडू आलं नाही, राग आला. आदल्याच रविवारी दादा म्हणाला होता, "बरा झालो की आपण दोघं मराठी मंडळात जाऊ आणि एकदाचं सांगून टाकू." आता ते सांगणं माझ्या गळ्यात घालून हा निघून गेला. लहानपणापासून हेच. खोड्या त्याच्या, निस्तरायला मी.

बाबांच्या नोकरीमुळे आम्ही नाशिक सोडून भोपाळला आलो आणि इथलेच झालो. दादा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा, पण जीव अडकलेला फळं खाणाऱ्या पाखरांत. आमच्याकडे जेवताना जांभळं आली की गप्पा पाखरांच्याच. "पाखराला ना हात, ना दात. फळ अख्खं गिळायचं," तो सांगायचा. "तोंड जेवढं उघडेल तेवढंच फळ पोटात जाणार, आणि तेवढ्याच फळाची बी दूर जाऊन पडणार. जंगल कसलं व्हायचं ते चोच ठरवते." मी म्हणायचे, "मग तू पाखरू नाहीस. झेपेल तेवढाच घास तुला कधी कळला नाही." तो हसायचा आणि आणखी भात मागायचा.

शहराबाहेर, मंडीदीपच्या बाजूचं जंगल आमच्या डोळ्यांदेखत तुटलं. आधी रस्ता, मग प्लॉट, मग कुंपणं. मधल्या उघड्या पट्ट्यावरून पाखरं या तुकड्यातून त्या तुकड्यात जाईनात. दादाने ठरवलं, पट्ट्यात फळझाडं लावायची, पाखरांना पूल करून द्यायचा. आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळींना त्याने घोळात घेतलं आणि एक प्रथाच पडली... घरातलं माणूस गेलं की वर्षश्राद्धाला त्याच्या नावाने तिथे एक झाड. लावायची ती सिंगापूर चेरी, कारण ती भराभर वाढते, मरत नाही आणि बारीक फळं वर्षभर देते. आपल्या माणसाचं झाड वाळलेलं कुणाला बघवणार? बाबांचंही झाड आम्ही तिथेच लावलं. सगळ्यांचे आई-वडील तिथे हिरवेगार उभे, आणि दादाच्या चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानाचं समाधान.

मग बऱ्याच वर्षांनी एका दुपारी तो माझ्याकडे आला आणि चहा तसाच ठेवून बसला. रीतसर परवानगी काढून तो जाळ्यात बुलबुल धरायचा, त्यांची चोच मोजायचा, सोडून द्यायचा. "पट्ट्यातल्या बुलबुलांची तोंडं अरुंद होत चालली आहेत," तो म्हणाला. "सिद्ध नाही करता येणार अजून. पण मला दिसतंय."

"मग? तुझा काय दोष?"

"मीच त्यांना वर्षभर बारीक फळ पुरवलं ना. रुंद तोंडाचा उपयोगच राहिला नाही. ती जंगलात जातच नाहीत आता. पूल बांधायला गेलो आणि धर्मशाळा झाली. जांभळासारखं मोठं फळ गिळणारे धनेश तर पट्ट्यात फिरकतही नाहीत. उद्या ते फळ नेणार कोण?"

मला त्याची फार दया आली. पण मी म्हणाले, "मग तोड की निम्मी झाडं." बोलून गेले आणि जीभ चावली. ती नुसती झाडं कुठे होती...

मंडळात त्याने एकदा विषय काढला. जोशीकाकू ताडकन म्हणाल्या, "म्हणजे आमच्या आईंना तोडणार तुम्ही?" त्यानंतर तो तिथे गेला नाही. आजारपणात मात्र रोज घोकायचा, माझ्या नावाने चेरी लावू देऊ नका.

आणि शोकसभेत नेमकं तेच झालं. जोशीकाकूच उठल्या, डोळे पुसत म्हणाल्या, "सरांच्या नावाने पट्ट्यात नवी ओळ लावू या, सगळी चेरीच." लोकांनी माना डोलावल्या. प्रेमच होतं ते, त्यात खोट नव्हती. वहिनी खाली बघत बसली होती. मी उठले. दादासारखं समजावून सांगणं मला जमत नाही, तोंड फटकळ. तरी पाखराला हात नाहीत, दात नाहीत, इथपासून सगळं सांगितलं. कुणीतरी मागून म्हणालं, "अरे, दुःखात आहेत, बोलू द्या." ते मला झोंबलं. मी म्हणाले, "कुणाच्या आईला हात लावू नका. आधी आमच्या बाबांचं झाड काढा."

सभा तिथेच संपली. चहाला कुणी थांबलं नाही.

रीतसर परवानगी काढून गेल्या आठवड्यात आम्ही ते झाड काढलं. आमच्या घरचं म्हणून वहिनी आणि मी दोघीच होतो. बुंध्यावर कुऱ्हाड पडली तेव्हा वहिनीने माझा हात धरला, आणि मी दादासाठी आणि बाबांसाठी एकदमच रडले. त्या खड्ड्यात जांभळाचं रोप लावलं. त्याला फळ धरेल तेव्हा मी असेन-नसेन. झाडावरचे बुलबुल शेजारच्या चेरीवर, जोशीकाकूंच्या आईंच्या झाडावर, जाऊन बसले आणि खायला लागले. जांभूळ मी लावलं, दादा. ते गिळणारं तोंड मी कुठून आणू?