गुंड सरांनी दिलेली शेवटची शिक्षा

आधीच सांगून ठेवतो, आमच्या घरात लिंबू फक्त पोह्यांवर पिळतात. करणी, लागीर, बाहेरचं… असलं काही कुणी सांगायला लागलं की मी पुढची खुर्ची पकडून मन लावून ऐकतो, आणि शेवटी सगळ्यांत मोठ्यांदा हसतो. त्यामुळे तुम्ही मला हसलात तरी माझी हरकत नाही. फक्त आधी पुरतं वाचा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. परंडा तालुक्यात, सोनारीच्या वाटेवर आमची शाळा आहे. निजामाच्या काळातली, दगडी, आणि फक्त मुलांची. त्यामुळे तिथं लाजायला कुणी नव्हतं आणि बडवायला गुंड सर होते. आडनावच गुंड! देवाला विनोद कळतो, एवढ्यावर मात्र माझा विश्वास आहे.

सर पीटी शिकवायचे. त्यांची शिक्षा एकच — ‘अंगठे धर!’ गुडघे ताठ ठेवून कमरेत वाकायचं आणि पायाचे अंगठे धरून राहायचं. घंटा होवो, शाळा सुटो, उठायचं नाही. सर येऊन पाठीवर थाप मारणार आणि म्हणणार, ‘ये माणसात.’ मग उठायचं. तोवर तुम्ही जनावर.

सगळ्यांत जास्त वेळ जनावर राहिलेला पोरगा म्हणजे आमचा बापू. आता तो बडा कंत्राटदार आहे. पोट पुढं, माणसं मागं. या वेळी जिल्हा परिषदेला उभा राहणार म्हणून त्यानं बॅनरसुद्धा छापून घेतले होते. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरवला तोही त्यानंच. मांडव त्याचा, जेवण त्याचं, आणि सत्कारमूर्ती — गुंड सर.

सर व्हीलचेअरवर आले. लकवा मारून दोन वर्षं झाली होती, वाचा पार गेलेली. मान एका बाजूला आणि तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. सूनबाई सारखी रुमालानं टिपत होती.

शाल-नारळ झालं. बापूनं मला त्याचा मोबाईल दिला. “व्हिडिओ काढ. ‘गुरूपुढं नतमस्तक’ म्हणून टाकायचाय. मतदाराला असलं लई आवडतं.”

मी कॅमेरा धरला. बापू सरांपुढं गेला आणि खिशातून शिट्टी काढली. पीटीची शिट्टी! त्यानं ती सरांच्या ओठांत खोचली.

“वाजवा की सर! लई वाजवत होता तवा!”

शिट्टी लाळेसकट मांडीवर पडली. मांडव हसला. बापूनं ती परत खोचली, परत पडली. लोक आणखी हसले. काय सांगू, पोटं धरून!

“अहो, पुरे आता. त्यांना समजतं सगळं,” सून हळूच म्हणाली.

“समजतं व्हय? मग द्या की सर शिक्षा! हा बघा बापू, तुमचं लाडकं जनावर!”

आणि सर बोलले.

“अंगठे धर.”

खणखणीत. मैदानाच्या टोकाला ऐकू जावं तसं. सूनबाईच्या हातातला रुमाल खाली पडला. आणि मग टाळ्या! बापू खूश. एवढा भारी व्हिडिओ कुणाला मिळतो? तो ऐटीत वाकला. पोटामुळं बोटं जेमतेम अंगठ्यांना टेकली.

मी शूटिंग थांबवलं. “झालं बापू. ऊठ.”

“उठतोय की,” बापू म्हणाला. पण उठला नाही.

आधी वाटलं, नाटक करतोय. मग वाटलं, उसण भरली. चौघांनी खांदे धरून वर ओढला तर कोयत्यासारखा वाकलेलाच उचलला गेला. बापू खालूनच ओरडला, “सरांना म्हणायला सांगा रे! ये माणसात म्हणायला सांगा!”

आम्ही सरांच्या कानाशी लागलो. सर मात्र पुन्हा पहिल्यासारखे. मान कलती, लाळ चालू, डोळे कुठंतरी लांब.

धाराशिवच्या दवाखान्यात एक्स-रे झाला. मणका साफ. भूल दिली तर गडी टेबलावर काठीसारखा सरळ! डॉक्टर मोठ्या कौतुकानं म्हणाले, “बघा, स्नायूंचंच होतं.” भूल उतरली आणि ‘आई गं’ म्हणत बापू पुन्हा मिटला. पुढं मुंबईच्या डॉक्टरांनी मानसिक आहे म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप छान लागते. जागा झाला की अंगठे.

मग बापूची रोजची फेरी सुरू झाली. टेम्पोत घालून सरांच्या दारी न्यायचं. तो ओसरीवर वाकून रडायचा, “सर, चुकलो. माणसात घ्या.” एके दिवशी सरांचे ओठ हलले. आम्ही सगळे पुढं झुकलो. सर स्पष्ट म्हणाले, “कोण हाय ह्यो? तोंड दाखव.”

आता तो तोंड कसं दाखवणार?

त्याच आठवड्यात सर गेले. उभं राहायचं बापूनं रद्द केलं. ‘उभं राहणं’ हा शब्द आता आम्ही त्याच्यासमोर काढत नाही. म्हणजे मी एकदा काढला… पण राहवलं नाही हो.

काल भेटायला गेलो. आता तो माणसं पायांवरून ओळखतो.

“नव्या चपला व्हय रे?” म्हणाला. मग आवाज बारीक करून, “सर येऊन गेले दुपारी.”

“सर वारले, बापू.”

“मला काय सांगतो? रोज येत्यात. कॅनव्हासचे बूट, खडू लावून पांढरे केलेले. चालत येत्यात, म्होरं उभे राहत्यात.”

“मग? म्हणाले का ते?”

“म्हणत्यात की. ‘अजून खाली,’ म्हणत्यात.”

मी हसणार होतो. देवाशपथ, तोंड उघडलंसुद्धा होतं. पण माझी नजर खाली गेली. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस… मेळाव्यात ज्याची बोटं अंगठ्यांना जेमतेम टेकली होती, त्याचे दोन्ही तळवे फरशीला सपाट चिकटले होते. गुडघे ताठ. कोपरांचंही फरशीपासून फार अंतर उरलेलं नव्हतं.

हे काय आहे, मला विचारू नका. डॉक्टरांना विचारून झालंय.