गोतमारे सरांचं मशीन

गोतमारे सर कंप्युटरच्या खोलीत शिरताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावत. एरवी ते भूगोल शिकवायचे. पण ऐंशीच्या दशकात आमच्या नागपूरच्या शाळेत एक कंप्युटर आला आणि चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन सर त्याचे पुजारी झाले. सरांच्या बायकोने त्याला लाल मखमलीची झूल शिवली होती.

नियम एकच: चपला बाहेर, पायात मोजे. मोजेवाले आत बसत, आम्ही बिनमोज्यांचे खिडकीला लटकत असू. माझे बाबा लकडगंजला आरागिरणीत कामाला होते. मला पाहिलं की सर म्हणत, "तू तर भुशाच्या घरची वं! मशीनले धूळ चालत नाही."

"सर, मले एकदाच कळ दाबू द्या ना."

"पाहणं म्हणजे अर्धं शिकणं. खिडकीतून पाह्य."

"अन् उरलेलं अर्धं?"

"ते मोजे आणल्यावर."

सरांना स्वतःला पडद्यावर शाळेचं नाव तेवढं उमटवता येई. ते उमटलं की मोजेवाले टाळ्या वाजवत आणि सर नवरदेवासारखे लाजत. आज वाटतं, त्यांना धुळीची नाही, मशीनचीच भीती होती.

मी आईच्या मागे भुणभुण लावली. अखेर तिने सीताबर्डीच्या फुटपाथवरून पांढरे मोजे आणले. सरांनी ते उलटसुलट करून तपासले. "दसरा होऊ दे, मंग तुले बसवतो." मी मोजे घालून घरभर नाचले.

खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात, सायकली पुजतात. सरांनी कंप्युटर पुजला. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूने शिंपडलेलं पाणी, सगळं कळांच्या फटींतून आत गेलं. बटण दाबताच चर्र झालं आणि धूर निघाला. आमच्या पायांची धूळ ज्याला सोसत नव्हती, त्याला सरांची भक्ती भोवली.

दिवाळीनंतर शाळा तपासायला साहेब येणार होते. त्या दिवशी सरांनी खोली सताड उघडली. "या, सारे या! मोजे राहू द्या. काहून घाबरता? लावा हात!" पहिल्या खुर्चीत त्यांनी मलाच बसवलं. मी माझ्या नावाचं एकेक अक्षर दाबलं. पडदा काळाच राहिला.

"लाइन गेली जी," सर साहेबांना म्हणाले. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. "पण पाहा, आमच्या इथं गरिबाच्या पोरीबी कंप्युटर चालवून राहिल्या."

साहेबांनी माझी पाठ थोपटली. मला रडूच कोसळलं.

"बघा," साहेब म्हणाले, "किती आनंद झालाय पोरीला."