मोटकऱ्याच्या बुक्क्या

गुलाबराव बाबूसिंगच्या नजरेस प्रथम पडला तो बाभळीच्या कुंपणाबाहेर. सारखा या पायावरून त्या पायावर होत होता. पलटणीतून परतलेला बाबूसिंग मंगरूळपीरला शाळेमागच्या मैदानात पहाटे पोरांना मुष्टियुद्ध शिकवी. कुस्त्यांसारखे फड जिंकायला नव्हे, नुसतं अंग चपळ राहावं म्हणून. तिथं या चाळिशीकडे झुकलेल्या माळ्याचं काय काम?

"आत या ना भाऊ. काहून उभे?"

"मले कोनाले मारायचं नाही. हात थकले पायजेत, बस."

कारण हळूहळू कळलं. महायुद्ध संपल्यावर धाकट्या भावानं, रंगरावानं, मळ्यातल्या विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं. जन्मभर मोट हाकलेल्या गुलाबरावाच्या अंगाला काम उरलं नाही. झोप उडाली. जेवायला बसला तरी मांडी हलत राही. एकदा भाकर करपली म्हणून बायकोवर, गिरजाबाईवर, त्याचा हात उठला. पडला नाही, पण उठला. आणि तिनं डोळे मिटून घेतलेले त्यानं पाहिले. तेव्हापासून ती त्याच्यासमोर जेवायला बसेनाशी झाली.

"पुन्हा उठला त मी त्या घरात राह्यत नाही," तो म्हणाला.

बिनकामाची मोट त्यानंच आणून दिली. तिच्या कातड्यात सरकी ठासून बाबूसिंगनं ती लिंबाला टांगली. गुलाबराव तिला असं बुकलायचा की फांदी करकरे. फक्त एक खोड जाईना. बुक्की मारून मागं सरला की दोन्ही हात खाली सोडून द्यायचा.

"हात वर! तोंड उघडं पडून राह्यलं!"

"मोट हाकताना बैल मांगं आले का दोर ढिला पडते, हात आपसूक खाली येते ना, बाबूसिंग."

भाजीची टोपली घेऊन बाजाराला निघालेली गिरजाबाई कुंपणापाशी थांबली. "मारा, मारा! त्या मोटेनं तुमचं काय घोडं मारलं व्हतं?" पोरं खिदळली. गुलाबरावही हसला, पण पाय काही थांबले नाहीत.

एका पहाटे उदयसिंग नावाचा वांड पोरगा त्याच्यासमोर उभा राहिला. गुलाबराव सवयीनं मागं सरला, हात खाली गेले, आणि नाकावर ठोसा बसला.

"बुढ्याचे बैल चालले मांगं!" उदयसिंग ओरडला.

पुढचं फार लवकर घडलं. पोरगा मातीत पडला तरी गुलाबरावाचा हात थांबेना. बाबूसिंगनं मागून कव घालून त्याला ओढलं. उदयसिंगला फारसं लागलं नव्हतं. गुलाबरावानं मात्र दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"आज पोरगा व्हता. उद्या गिरजा राहीन."

"रोज थकता ना तुमी इथं?"

"अंग थकते. पन एवढं मारून कोन्या वाफ्यात पानी जाते? सांज झाली का वाटते, आज आपुन काहीच नाही केलं."

कवायत, शिस्त, श्वास, सगळं बाबूसिंगला शिकवता येत होतं, हे नाही.

दुसऱ्या दिवशी गुलाबराव आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शेवटी बाबूसिंगनं बाजारात गिरजाबाईला गाठलं.

"रुसले काय?"

"रुसतात कायचे! कामरगावले गेले, विहिरी खोदणाऱ्याइच्या टोळीत. घरचा मळा सोडून मजुरी, म्हनून रंगराव भावजी बोलून राह्यले. मी म्हटलं, जाऊ द्या."

गुलाबराव सध्या कामरगावच्या शिवारात पहार चालवतो. दर आठवड्याला घरी येतो, आणि गिरजाबाई आता पुन्हा त्याच्यासमोर बसून जेवते.