हातोदचे काणेजी

आमच्या होणाऱ्या जावयाचे केस पांढरे आहेत, हे मला दाराआडून कळलं.

(मी दाराआडून ऐकत नव्हतो. मी दाराला तेल घालत होतो. तेल घालताना ऐकू येतं, त्याला माझा इलाज नाही!)

आत आमची कन्या गार्गी फोनवर मैत्रिणीशी बोलत होती, आणि बोलता बोलता हुंदके देत होती. "अगं, पहिले तर मला काणेजी इतके खास वाटलेच नव्हते. मतलब, कोपऱ्यात उभे असायचे, बस! पण आता सगळं मालूम पडलं ना... लहानपणीच आई-वडील गेले, दातेंनी वाढवलं, त्या दातेंसाठी डावा हात गमावला, आणि आता दाते ओळखसुद्धा दाखवत नाहीत! ते पांढरे केस, ते डोळे... यार, मी तर रडून रडून बेहाल आहे."

माझ्या हातातली तेलाची बाटली माझ्याच पायावर सांडली. नुकतंच देवासचं एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं आणि गार्गीने "अभी नहीं, बाबा" म्हणून ते परतवलं होतं. आता कारण कळलं! हाताचं मला काही नव्हतं. माणूस दुसऱ्यासाठी हात गमावतो म्हणजे दिलदारच असणार. पण पांढरे केस? माझेसुद्धा अजून कानशिलांवरच पांढरे आहेत!

मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला, नीलाला, सगळं सांगितलं. ती शहाणी, म्हणाली, "थांबा, मी गोलगोल विचारते." जेवताना तिने गोलगोल विचारलं, "गार्गी, काणे लोक कसे असतात गं?"

गार्गीचा घास हातातच राहिला. "आई! तुला काणेजी माहीत आहेत?"

"थोडं कानावर आलंय."

"मग प्लीज, पुढचं काही बोलू नकोस! मला ऐकवणार नाही!" असं म्हणून ती ताट तसंच ठेवून खोलीत गेली. पोरगी आमचा नकार ऐकायलाही तयार नव्हती! एकुलती एक मुलगी, आणि तिचं एवढं मोठं दुःख आपल्याला दाराआडून कळावं!

आता मी आयुष्यभर सरकारी खात्यात ऑडिटर होतो. तपासल्याशिवाय मी घरचं दूधसुद्धा घेत नाही. म्हणून गार्गीला सरळ विचारण्याचा सोपा मार्ग सोडून मी चौकशीचा मार्ग धरला, आणि माझ्या मोठ्या बहिणीला, कुसुमताईला फोन लावला. इंदूर ते देवास कोणत्या मराठी घरात कोणाचं काय चाललंय, हे ताईला त्या घरातल्यांच्या आधी कळतं.

"काणे?" ताई म्हणाली. "दातेंकडचे? अरे, हातोदला आहेत ना एक! मंडीजवळ दातेंचं गोदाम आहे, तिथे मुनीम होते. एकटेच असतात. आई-वडील लहानपणीच गेले बिचाऱ्यांचे."

"केस?"

"कापसासारखे! का रे?"

मी फोन ठेवला. पुरावा पूर्ण झाला होता.

रविवारी सकाळी गार्गी झोपलेली असताना आम्ही इंदूरहून हातोदला जायला गाडी काढली. रस्ताभर मी भाषण घोकत होतो आणि नीला डोळे पुसत होती. वाटेत तिने अर्धा किलो शेव घेतली. मी म्हटलं, "अगं, आपण भांडायला चाललोय!" ती म्हणाली, "म्हणून काय रिकाम्या हाताने जायचं?"

काणेजींनी दार उघडलं. केस पांढरेशुभ्र. आणि डावा हात गळ्यातल्या झोळीत! नीलाने माझा दंड इतका जोरात धरला की माझाही डावा हात कामातून जायचा.

"या, या! बसा ना," काणेजी म्हणाले. "चाय ठेवतो. एका हाताने जरा टाइम लागेल."

तर भांडायला आलेली माझी बायको त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन चहा करू लागली! मी घसा साफ केला. "काणेजी, आम्ही मुलीसंबंधी बोलायला आलोय."

काणेजींनी चांगला हात केसांवरून फिरवला. "मुलीसंबंधी? माझ्याकडे?"

"उगीच वेड पांघरू नका. आमची गार्गी तुमच्यासाठी रडून रडून बेहाल आहे!"

"माझ्यासाठी?" काणेजींचा आवाज कापला. "भिया, एक बार फिर बोलना."

"दातेंसाठी तुम्ही हात गमावलात, तेही आम्हाला माहीत आहे!"

"दातेंच्या गोदामाच्या पायरीवरून पडलो, हे सही आहे. पण गमावला कुठे? प्लास्टर निघेल ना!" मग ते जरा पुढे सरकून हळूच म्हणाले, "मुलीचं वय काय?"

"चोवीस."

काणेजी ताडकन उठले. "अरे राम! पोरीला समजवा, भिया! बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कोणी माझ्यासाठी रडलं, आणि तीही लेकीच्या वयाची! नशीबच खराब आहे आपलं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. गार्गी! मी सगळ्यांना ऐकू जाईल असं करून तो टेबलावर ठेवला. म्हटलं, होऊन जाऊ दे समोरासमोर.

"बाबा, कुठे आहात तुम्ही लोक?"

"हातोदला. काणेजींच्या घरी!"

"कोणाच्या?"

"तुझ्या काणेजींच्या! माझ्यासमोर बसलेत."

"बाबा, काय बोलताय? काणेजी मेले ना काल!"

आम्ही तिघांनी काणेजींकडे बघितलं. म्हणजे, काणेजींनीही स्वतःकडे बघितलं.

"शेवटच्या एपिसोडमध्ये मेले! तो बघायचा राहिला होता, म्हणून तर आईला पुढचं बोलू दिलं नाही मी. जपानी कार्टून आहे ते, बाबा! पहिल्या सीझनमध्ये ते नुसते मागे उभे असायचे, दुसऱ्यात त्यांची पूर्ण कहाणी दाखवली, तेव्हापासून रडतेय मी. तलवारबाज आहेत ते! काणेजी हे त्यांचं नाव आहे, आडनाव नाही!"

"आणि दाते?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"ते तिथले सरदार! जपानमध्येही दाते असतात, बाबा!"

काणेजी फोनवर वाकले. "बेटा, मी कशाने गेलो?"

"अं... दातेंना वाचवताना. आपण कोण?"

"दातेंना वाचवताना? हे नाही पटत!" काणेजी उसळले. "माझं प्लास्टर बघायलासुद्धा नाही आले दाते!"

नीला स्वयंपाकघराच्या दारात मटकन बसली आणि हसत सुटली. मलाही हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. छातीवरचा धोंडा उतरला होता. माझी पोरगी सुखरूप होती, तिला कसलंही दुःख नव्हतं, आणि जे होतं ते जपानमध्ये होतं! मग आम्ही चौघांनी (गार्गी फोनवर) मेलेल्या काणेजींच्या घरी चहा-शेव घेतली.

घरी आल्यावर गार्गी म्हणाली, "मला विचारायचं ना, बाबा!"

"भीती वाटली गं. तू हो म्हणाली असतीस तर?"

ती जवळ येऊन बसली, आणि काही दिवसांनी देवासच्या मुलाला भेटायला आपणहून तयार झाली.

तो यायचा त्या संध्याकाळी मी दारातच उभा होतो. पायऱ्या चढून एक उमदा तरुण आला. त्याने हेल्मेट काढलं. काळेभोर केस! दोन्ही हात जोडून नमस्कार केला. दोन्ही हात! मी आत वळून ओरडलो, "गार्गी, नीला, बाहेर या! मला मुलगा पसंत आहे!"

तरुणाने पाठीवरची पिशवी खाली ठेवली. "अंकलजी, वो तो ठीक है," तो म्हणाला, "पर वायफाय का डब्बा लगाना किधर हे?"