हाताने वजन भरायची सोय

सोमवार, ७ मार्च २००५, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. शहागडहून भंगार घेऊन आलेला एक टेम्पो माझ्या वजनकाट्यावर चढला आणि त्याच्यामागे मोटारसायकलवरून तो माल घेणाऱ्या मिलचे मुनीम आले. मुनीम स्वतः काट्यावर येण्याची ती पहिलीच वेळ होती.

काटा जालना एमआयडीसीच्या रस्त्यावर, लोखंडाच्या मिलांच्या तोंडाशी होता. जिल्हा स्वतंत्र झाला त्या वर्षी, म्हणजे १९८१ साली, मी वजनमापे निरीक्षक म्हणून जालन्यात आलो. बाजारातले तराजू तपासण्यात आणि वजनांवर शिक्के मारण्यात नोकरी संपली. निवृत्तीनंतर स्वतःचा काटा घातला. मुनीमांपासून हमालांपर्यंत सगळे मला साहेबच म्हणत राहिले. मी कोणाला थांबवले नाही.

केबिनमध्ये संगणक एकच होता, पण त्यात दोन बिऱ्हाडे राहत होती. पहिले विंडोजचे. त्यावर एका विक्रेत्याने बसवून दिलेला वजनाचा प्रोग्रॅम चालत असे. काट्यावरचे वजन तारेतून संगणकात येई आणि पावतीवर छापले जाई. दुसरे बिऱ्हाड लिनक्सचे. ते माझ्या मुलीने थाटले. ती जालन्यातच एका तंत्रनिकेतनात संगणक शिकवत असे. आदल्या दिवाळीच्या सुमारास मिलच्या फ्लॉपीतून व्हायरस आला आणि काटा बंद पडला. दोष विंडोजचा नव्हता, दहा ठिकाणी फिरलेल्या फ्लॉपीचा होता. तरीही मी मुलीला विचारले की याला दुसरे काही आहे का. तिने लिनक्स घातले आणि वजनाचा लहानसा प्रोग्रॅम स्वतः लिहून दिला. काळा पडदा, पांढरी अक्षरे, चित्र एकही नाही. मला तो पहिल्या दिवसापासून पटला.

विंडोज मात्र काढता आले नाही. मिलला रोजच्या पावत्यांची फ्लॉपी लागे, आणि ती जुन्या प्रोग्रॅमनेच तयार केलेली लागे. त्यामुळे मिलचा माल आला की संगणक बंद करायचा, पुन्हा सुरू होताना पडद्यावर दोन नावे येत त्यांतले विंडोज निवडायचे. इतरांची गाडी आली की सगळे उलट. तोवर गाडी काट्यावर आणि मागे रांग. एकदा धावड्याकडचा एक ट्रकवाला खिडकीतून ओरडला होता, "साहेब, काटा हाय का टॉकीज? रीळच बदलून राह्यलेत मघापासून!"

जुन्या प्रोग्रॅममध्ये एक सोय होती. तार तुटली, वजन संगणकात पोहोचेना, तर बाहेर दिसणारा आकडा वाचून तो हाताने भरता येई. मी ती सोय कधी वापरली नाही. मुलीने नवा प्रोग्रॅम लिहिताना विचारले, "अण्णा, हाताने भरायचं इथं पण ठेवू का?" मी नको म्हणालो. तार तुटली तर काटा बंद ठेवावा आणि तार जोडावी. त्याला दुसरा उपाय मला माहीत नव्हता.

त्या सोमवारी सकाळी संगणक लिनक्सवर होता. रिवाजाप्रमाणे टेम्पोवाला खाली उतरून केबिनच्या खिडकीशी उभा राहिला, म्हणजे त्याचे स्वतःचे वजन मालात धरले जाऊ नये. भिंतीवरचे लाल आकडे त्याला तिथून दिसत होते. पाच हजार आठशे चाळीस किलो, टेम्पोसकट.

मुनीम आत आले, खुर्ची ओढून बसले.

"साहेब, जरा विंडोज लावा."

"फ्लॉपी संध्याकाळी मिळेल."

"फ्लॉपीचं न्हाई हो. माल मातीचा आहे. दीडशे किलो कमी करून पावती छापा. त्या प्रोग्रॅमात हातानं भरता येतं. पलीकडच्या काट्यावर बराबर भरून देतात."

खिडकीतून टेम्पोवाल्याने डोके आत घातले. "माती? मुनीमजी, शहागडच्या गॅरेजांतले पाटे हायेत ते, ट्रकचे पाटे! बटाटे न्हाईत!"

"तू गप रे. मी साहेबांशी बोलून राह्यलो."

"बोला की. पन लोखंडाला माती कुठून लागती ते बी सांगा."

मी मुनीमांना म्हणालो, "ती सोय तार तुटल्यावर वापरायची आहे. तार शाबूत आहे. कपात करायची असेल तर मिलच्या दारात करा, तुमच्या सहीने."

मुनीम हसले. माणूस वाईट नव्हता. सोपा मार्ग सापडला की तो धरणारा होता. "दारात केली की हे लोक भांडतात, साहेब. काट्याची पावती दाखवली की गप बसतात. तुमच्या पावतीला इज्जत आहे."

"म्हणूनच देणार नाही."

"विचार करा. मिलच्या गाड्या उद्यापासून पलीकडं जातील."

"उद्यापासून कशाला? आजपासून जाऊ द्या."

त्यांना ते उत्तर अपेक्षित नसावे. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ सरकवली. मग म्हणाले, "साहेब, रिटायर झालात तुम्ही. खातं सुटलं. आता कुणाची भीती आहे?"

"कुणाचीच नाही. तेच तर सांगतो आहे."

विंडोज न लावताच मी कळ दाबली. प्रिंटर खडखडला आणि पावतीवर पाच हजार आठशे चाळीस छापले गेले. टेम्पोवाल्याने पावती घडी करून टोपीत खोचली, गाडी काट्यावरून उतरवली आणि मिलकडे गेला. मुनीमही त्याच्यामागे गेले.

दुपारपर्यंत मिलचे तीन टेम्पो माझ्या दारावरून सरळ पुढे गेले. चालकांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांना तसा हुकूम असावा. माझ्या काट्यावर येणारा बहुतेक माल त्या एका मिलचा होता. मिल गेली तर काटा टिकेल की नाही, हा प्रश्न मला त्या दुपारी अगदी स्पष्ट दिसत होता. मी तो पाहिला आणि संगणकाजवळच बसून राहिलो. सांगून टाकतो, ती मिल माझ्याकडे पुन्हा आली नाही.

कॉलेज सुटल्यावर येऊन जा, असा मुलीला फोन केला. चारच्या सुमारास ती स्कूटरवरून आली. मी म्हणालो, "विंडोज काढून टाक."

"का? व्हायरस आला का परत?"

झाले ते मी सांगितले. तिने ऐकून घेतले.

"अण्णा, तुम्ही ते बटण दाबत नाही ना? मग राहू द्या की. कुणाचं काय बिघडतंय?"

"आज मी आहे. उद्या ताप आला, दुसऱ्याला बसवला, तर तो दाबेल. आणि ती सोय इथे आहे हे मिलला माहीत आहे. जोवर आहे तोवर ते मागत राहतील."

"मग त्या प्रोग्रॅमला कुलूप घालू. पासवर्ड."

"किल्ली माझ्याजवळ असेल, म्हणजे मागणी माझ्याकडेच येईल."

ती थोडी चिडली. "आणि मिलला फ्लॉपी कशी देणार? मिल गेली तर काटा कशावर चालणार?"

"विजेवर."

तिला हसू आले, पण तिने ते लगेच आवरले. पर्समधून सीडी काढली, जुन्या पावत्यांची नक्कल लिनक्सच्या भागात उतरवली, आणि मग पडद्यावर एक प्रश्न आणून खुर्चीवरून उठली. विंडोजचा भाग पुसला जाईल, परत मिळणार नाही, असा त्याचा अर्थ तिने मला मराठीत सांगितला.

"हे तुम्ही दाबा. उद्या माझ्यावर आणू नका."

मी दाबले. तिने संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. या वेळी दोन नावे आली नाहीत. तो न विचारता सरळ लिनक्समध्ये गेला. इतक्या महिन्यांत तो एवढ्या लवकर कधी सुरू झाला नव्हता. मुलगी चहा न घेताच गेली. घरी तिची मुले वाट पाहत होती.

दिवेलागणीच्या आधी तोच टेम्पो परत आला. माल तसाच भरलेला. टेम्पोवाला उतरला आणि खिडकीवर दोन्ही कोपर टेकून उभा राहिला.

"साहेब, तुमच्या खऱ्या वजनानं मला दिवसभर गावभर फिरवलं बघा. मिलनं दुपारपर्यंत दारात उभं केलं, मंग म्हनले माल नको. दोन ठिकानी इचारून आलो. आता एक जन सकाळी घेतो म्हनला. पन त्याला आजची ताजी पावती पाह्यजे."

"चढवा."

त्याने गाडी पुन्हा काट्यावर घेतली, उतरला, खिडकीशी आला. लाल आकडे थांबले. पाच हजार आठशे पस्तीस.

"आं? पाच किलो कुठं गेले?"

"दिवसभर फिरलात. डिझेल जळले."

"मंग सकाळचाच आकडा टाका की. मुनीमाचे दीडशे तुम्ही सोडले न्हाईत, आता माझे पाच तर द्या! पाच किलोनं कुनाचं घर बुडतंय?"

"टाकता येत नाही."

"येत न्हाई का टाकायचं न्हाई?"

"सकाळी टाकायचे नव्हते. आता येतही नाही. ती सोय दुपारी काढून टाकली."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग संगणकाकडे. "माझ्यासाठी एक दिवस तरी ठिवायची व्हती," म्हणाला आणि मोठ्याने हसला. मी हसलो नाही. कळ दाबली, पाच हजार आठशे पस्तीस छापले, पावती त्याच्या हातात दिली. त्याने ती सकाळच्या पावतीशेजारी टोपीत खोचली. गाडी उतरवताना हात वर केला की नाही, ते मला उजेड कमी असल्याने दिसले नाही.

त्याच्या चाकांनी काट्याच्या कडेच्या फटीत एक खडा सोडला होता. मी लोखंडी सळई आणली, खडा काढून रस्त्यापलीकडे टाकला, आणि भिंतीवर शून्य आल्याचे पाहून काट्याची वीज बंद केली.