तिघांतला चौथा

मी जो धंदा करतो तो माझ्या घरच्यांनी बघून, पसंत करून दिलेला आहे. लग्न तेवढं माझं मी जमवलं.

गोष्ट जळगावची, गोऱ्या साहेबाची मायदेशी परतायची बांधाबांध सुरू होती तेव्हाची. गावात नव्यानं निघालेल्या कॉलेजात मी सायन्सला होतो. तिथं पुण्याहून आलेल्या करमरकर सरांनी 'जीवनव्यवसायाची निवड' नावाचा वर्ग काढला होता. सर फळ्यावर दर खेपेला एकच वाक्य लिहीत, 'आधी पाहा, मग विचारा, मग निवडा.' (तोवर आमच्याकडे निवड फक्त तुरीच्या डाळीची होत असे. बापाचं दुकान असलं तर पोरगा गादीवर बसे, नसलं तर कचेरीत चिकटे.) सुट्टीत प्रत्येकानं एक धंदा प्रत्यक्ष बघून यावा आणि त्यावर टिपण लिहावं, असं सरांनी फर्मावलं. मला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणून सरांनी धुळ्याच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना माझ्याबद्दल कळवलं.

अडचण होती नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. माय त्याच वर्षी तापानं गेली होती आणि तेव्हापासून नानांनी बोलणंच सोडलं होतं. त्यांचं दोरखंडांचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं भाव विचारला तर ते बोटं दाखवत. डॉक्टर व्हायचं म्हणजे मुंबईला जाणं आलं. मी गेलो की घरात उरणार नाना आणि त्यांची थोरली बहीण, आमची अक्का. मुंबईचा विषय निघाला की नाना 'जा'ही म्हणत नसत, 'नको'ही म्हणत नसत. उठून गुंडाळलेले दोर सोडत आणि परत गुंडाळत. ते बघून माझा जीव तुटायचा.

माय गेल्यावर घर सांभाळायला पिंपळनेरहून आलेली अक्का मात्र दोघांचं बोलणं एकटी बोलत असे.

"धुळे कसाले जास रे?"

"डॉक्टरकी बघायला."

"देखाले ना? मंग एकला कसा जाशी? स्थळ देखाले पोऱ्या एकला जास का?"

"अक्का, हे स्थळ नाही. धंदा आहे."

"जलमभर नांदनं तेनाच संगे शे ना?"

झालं, अक्कानं ठेवणीतलं लुगडं काढलं, नानांना त्यांच्या लग्नातला कोट चढवला, माझ्या टोपीला इस्त्री झाली आणि वरात निघाली.

उंबऱ्यावर अक्का एकदम थबकली. "तीन तिघाडा, काम बिघाडा," ती म्हणाली आणि आत वळली. शुभ कामाला तिघं निघाले की चौथा म्हणून एक दगड बरोबर घ्यायचा, ही आमची रीत. त्या वर्षापर्यंत आम्हाला दगड कधी लागला नव्हता, कारण शुभ कामाला अक्का पिंपळनेरहून यायचीच आणि चौथी माय असायची. अक्का आली ती माय लोणच्यावर दाब म्हणून ठेवायची तो नदीतला गोटा घेऊन. करडा, गुळगुळीत, बेताच्या कैरीएवढा. नानांनी तो अक्काच्या हातातून घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि कोटाच्या खिशात ठेवला.

सर्व्हिस मोटारीत अक्कानं गोट्यासाठी वेगळी जागा धरली. एक शेठजी तिथं टेकायला लागले तर म्हणाली, "आठे मानूस बठेल शे." शेठजींनी आधी रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग अक्काकडे, आणि धुळ्यापर्यंत उभं राहणं पसंत केलं. मी टोपी नाकापर्यंत ओढून घेतली.

दवाखान्यात डॉक्टरांनी आमचा थाट पाहून विचारलं, "करमरकरांचे विद्यार्थी नेमके कोण?"

"मी," मी म्हणालो. "ही घरची मंडळी."

अक्का खुर्चीवर मांडी घालून बसली आणि चौकशी सुरू झाली.

"दाक्तर, जेवन येळवर व्हस का?"

"नाही हो बाई."

"रातले उठाडतस?"

"बहुतेक रोजच."

"पोरंसोरं काय म्हनतस?"

"मला पाहुणा समजतात."

अक्का नानांच्या कानाशी वाकली आणि साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजली, "स्थळ काही बरं नही शे, भाऊ." धरणीमाय दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेलो असतो. नाना तर जायला उठलेच. उठताना कोट खुर्चीच्या दांडीत अडकला, हिसका बसला आणि खिशातला गोटा घरंगळत डॉक्टरांच्या टेबलावरच्या तबकात खणकन जाऊन पडला.

आता आमचा मुलूख उन्हाचा. मुतखडा म्हणजे घरचंच पीक. निघालेला खडा रुमालात बांधून डॉक्टरांना दाखवायला आणणारे खूप. डॉक्टरांनी चष्मा वर केला, गोटा चिमट्यात धरायचा प्रयत्न केला, तो मावेना, तेव्हा दोन्ही हातांनी उचलला आणि कंपाउंडरला हाक मारली.

"अरे, हे बघ. उभ्या जन्मात एवढा पाहिला नाही. कुणाचा हा?"

"मनी भावजाईना," अक्का म्हणाली. "तिना जागावर..."

"त्या बाई आहेत कुठे?"

"गयी."

"जाणारच हो," डॉक्टर हळहळले. "एवढा खडा पोटात घेऊन माणूस जगणार कसा?"

कंपाउंडरनं टोपी काढली. तेवढ्यात खोलीत एक आवाज आला, घोगरा, गंजलेल्या कडीसारखा. नाना हसत होते. टेबलाला धरून, डोळे मिटून, पोट दाबून हसत होते. हसता हसता त्यांचे खांदे गदगदू लागले आणि हसणं कुठं संपलं नि रडणं कुठं सुरू झालं ते आम्हा कुणाला कळलं नाही.

"खडा नही शे, साहेब," ते म्हणाले. "लोनचावरना गोटा शे. आमी तीनच ऱ्हायनूत ना. म्हनीसन हाऊ चौथा."

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी गोटा हलकेच नानांच्या हातात दिला, बाहेरच्या रोग्यांना थांबायला सांगितलं आणि खुर्ची ओढून नानांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"काय झालं होतं बाईंना?"

वर्षभर लोक आम्हाला प्रारब्ध सांगून गेले होते. हे कुणी विचारलं नव्हतं. नाना सांगत राहिले. ताप कसा चढला, ती माठातलंच पाणी कशी मागत होती, शेवटी तिनं माझं नाव घेतलं की त्यांचं, ते अजून कळत नाही, सगळं. डॉक्टर मध्ये एकदाही बोलले नाहीत. त्या दिवशी मी ना सुई पाहिली, ना औषध.

परतीच्या मोटारीत नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आसा दाक्तर व्हशी ते जाय."

सरांनी माझ्या टिपणावर शेरा मारला, 'धंद्याची माहिती अपुरी, कुटुंबाची फार.'

मी मुंबईला निघालो त्या दिवशी स्टेशनवर पुन्हा आम्ही तिघं आणि गोटा. गाडीनं शिटी दिली तसा नानांनी तो खिडकीतून माझ्या हातात कोंबला.

"हाऊ आठे ऱ्हायना ते घरमा तीन व्हतस. तू ली जाय."

नाना, अक्का आणि गोटा, हिशेब बिनचूक होता. पण तो गोटा धुळ्याहून आल्यापासून त्यांच्या उशाशी असे, हे मला ठाऊक होतं. मायला माझ्याबरोबर पाठवून ते रिकाम्या हातानं फलाटावर उभे राहिले. पाचोरा येईपर्यंत मला बाहेरचं काही दिसलं नाही.

आता नाना नाहीत, अक्का नाही. गोटा माझ्या दवाखान्यात टेबलावर असतो. नवा रोगी आला की डोळे विस्फारून हमखास विचारतो, "डॉक्टर, केवढा हा! जगलं का हो ते माणूस?"

"जगलं की," मी सांगतो. "जेवण तेवढं अजून वेळेवर होत नाही त्याचं."